कानावर घातलं आहे!

हेडफोनची परीक्षणं लिहिणारे लोक कुठे राहतात ते मला ठाऊक नाही, पण पेणला राहत नाहीत हे नक्की. त्यांच्याकडे एक शांत खोली असते. तिथे बसून ते डोळे मिटतात आणि सांगतात, की खर्ज भरीव आहे, मधले सूर जरा मागे राहतात, वरचे मोकळे आहेत. आमच्या घराच्या पुढच्या अंगाला रिक्षांचा थांबा, मागच्या अंगाला गणपतीचा कारखाना आणि मध्ये आई. त्यात माझी नोकरी रोह्याला. तेव्हा मी घेतलेल्या स्वस्त बिनतारी हेडफोनचं हे परीक्षण डोळे उघडे ठेवून केलेलं आहे, आणि बरंचसं उभ्याने.

कंपनीचं नाव सांगत नाही. चांगलं लिहिलं तर ती मला काही देणार नाही आणि वाईट लिहिलं तर वकील तिच्याकडे आहेत. किंमत 1,499 रुपये. खोक्यावर 3,990 छापून त्यावर काट मारली होती. काट मारलेल्या किमतीला आजवर कुणी काही विकत घेतल्याचं ऐकिवात नाही, पण ती पाहिली की आपण अडीच हजार कमावले असं वाटून माणूस खुशीत घरी येतो. आईला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "घेतलाच नसतास तर चार हजार कमावले असतेस." मी बँकेत आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 ते 1949 या काळात ती खुर्ची सांभाळणारे आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या देशमुखांपैकी. त्यांच्या गावात दिवसभर नोटा मोजून घरी यायचं आणि अर्थशास्त्र पेणच्या स्वयंपाकघरात शिकायचं, असं माझं चाललं आहे.

हेडफोनच्या तीन जाती. एक कानात खुपसायची, एक अख्खा कान पोटात घेणारी आणि तिसरी कानावर नुसती टेकून राहणारी. माझा तिसऱ्या जातीतला. पहिल्या जातीचं एक बोंडूक गर्दीत पडलं की रुळांवर जातं आणि दुसरं एकटं घेऊन हिंडावं लागतं. दुसरी जात महाग, शिवाय कोकणातल्या मे महिन्यात ती घालणं म्हणजे कान उकडायला ठेवणं. तिसरी हलकी, दीडशे ग्रॅमच्या आसपास, घडी होणारी. तिचं वैर फक्त चष्म्याशी. पुढून गादी दाबते, मागून चष्म्याची काडी टोचते, आणि मध्ये कानाची पाळी सापडते. दिवा–रोहा मेमूत पेणला चढून मी तो कानावर चढवतो. कासूपर्यंत काही वाटत नाही. नागोठण्याला पाळी गरम होते. निडीला हेडफोन गळ्यात येतो आणि रोह्याला उतरताना मी पुढारी दिसतो.

बसतो मात्र घट्ट. गाडी चुकली की रस्त्याने जावं लागतं, आणि मुंबई–गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, एवढं सांगितलं की पुढचं वर्णन रायगडातल्या वाचकाला लागत नाही. खोक्यावर लिहिलं होतं, 'व्यायाम करतानाही निसटणार नाही'. एसटीच्या मागच्या बाकावरून वडखळ ते नागोठणे जाणं हा व्यायाम त्यांनी धरला होता की नाही माहीत नाही, पण दावा खरा आहे. माझा चष्मा एकदा पुढच्या बाईंच्या पिशवीत गेला. हेडफोन जागचा हलला नाही.

आता आवाजाकडे येतो. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'ईएनसी' असं होतं आणि खाली 'गोंगाटापासून मुक्ती'. गोंगाट मारणाऱ्या दोन विद्या आहेत. 'एएनसी' नावाची विद्या बाहेरच्या आवाजाच्या उलटी लाट तयार करून आपल्या कानातला गोंगाट कमी करते. ती सहसा महागड्या हेडफोनात असते. 'ईएनसी' ही तिची गरीब बहीण. ती आपल्या माइकमधून जाणारा गोंगाट गाळते, म्हणजे पलीकडच्या माणसाला आपलं बोलणं स्वच्छ ऐकू जातं. आपल्या कानांसाठी ती काडीचंही काम करत नाही. हे मला गाडीत, मुंबईच्या मामेभावाशी बोलताना कळलं. मी शेंगदाणेवाल्याच्या शेजारी उभा राहून "काय? काय म्हणालास?" असं ओरडत होतो. त्याने संध्याकाळी मेसेज केला, 'फारच स्वच्छ ऐकू येत होतं रे, घरूनच बोलत होतास ना?' पैसे माझे, शांतता त्याला.

शिवाय फोन आला की गाण्याचाही दर्जा जातो. ब्लूटूथची गाण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. माइक सुरू झाला की ते भरल्या गाण्याची वाट सोडून टेलिफोनच्या पाऊलवाटेला लागतं. 

कानावर टेकणारी गादी बाहेरचा आवाज थोडा अडवते, पण अडवते ते वरचे, पातळ आवाज. खालचा घरघराट तिच्यातून आरामात आत येतो. परिणामी मेमूची धडधड संपूर्ण ऐकू येते आणि तिकीट तपासनीसाचं "तिकीट, तिकीट" ऐकू येत नाही. मग धडधडीवर मात करायला आवाज वाढवायचा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. 90 वर गेलात की फक्त 4 तास. म्हणजे वरवर दहाचाच फरक, पण वेळ दहा पटींनी घटला. हे व्याज सावकारी दराचं आहे आणि मुद्दल कान आहे. मी ते वाचलं आणि आवाज कमी केला. तेव्हापासून मी गाणी ऐकतो की मेमू, हे सांगणं कठीण आहे.

नागोठण्याला एक काका चढतात. पूर्वी आयपीसीएलच्या प्लास्टिक कारखान्यात होते. कारखाना रिलायन्सकडे जाऊन दोन दशकं झाली, तरी नागोठण्यात त्याला आयपीसीएलच म्हणतात, आणि काका तर अजून 'आमची कंपनी' म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी न विचारता हेडफोन माझ्या डोक्यावरून उचलला, नखाने वाजवला, वास घेतला आणि निकाल दिला, "एबीएस आहे. हे आमच्याकडे होत नव्हतं. आमच्याकडे पॉलिप्रॉपिलीन. तुझी बालदी आमची, हे नाही." मग त्यांनी तो गुडघ्यावर पुसून परत माझ्या डोक्यावर बसवला, उलटा, आणि त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या अडचणी सांगायला सुरुवात केली. मी डाव्या कानात उजवी वाद्यं ऐकत मान डोलावत होतो.

कानावर हेडफोन असला म्हणजे हा माणूस सध्या उपलब्ध नाही, अशी जगात कुठेतरी समजूत आहे. पेण–रोहा पट्ट्यात ती पोचलेली नाही. कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोह्यापर्यंत रूळ 1986 मध्ये आले, पण ही समजूत बहुधा पनवेललाच उतरली. इथे हेडफोन घातलेल्या माणसाशी लोक थोडं मोठ्याने बोलतात, इतकंच. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "कान दुखतोय का रे? लसणीचं तेल देऊ का गरम करून?" नाही म्हणालो, तरी तेल आलं.

त्यामुळे डब्यात सगळ्यांनी आपोआप एक पद्धत काढली आहे: एक वाटी कानावर, दुसरी कानामागे हाडावर. एका कानाने गाणं, दुसऱ्याने गाव. अमेरिकेत जॉन कॉस नावाच्या माणसाने 1958 साली, दोन कानांना दोन वेगळे आवाज देऊन समोर वाद्यवृंद बसल्याचा भास व्हावा म्हणून स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. त्याला आमच्या डब्यातून एक फेरी घडवायला हवी होती. आमच्याकडे अर्धा वाद्यवृंद हाडाला ऐकू येतो. आणि इथेच कानावर टेकणाऱ्या जातीची खरी लायकी दिसते. कान गिळणारा हेडफोन असा एका बाजूने सरकवता येत नाही, कपाळावर येतो. परीक्षणं लिहिणारे ज्याला 'आवाजाची गळती' म्हणून गुण कापतात, तिच्यावर तर माझे शेजारसंबंध टिकून आहेत.

घरची परीक्षा अवघड निघाली. पेणचे पोह्याचे पापड सगळ्यांना माहीत आहेत. आमची आई ते आजही घरी लाटते आणि त्या वेळी तिला रोह्याच्या मावशीशी बोलायचं असतं. हात पिठाचे, फोन कसा धरणार? म्हणून एका दुपारी तिने हेडफोन घातला. कानात दुसरा आवाज भरला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने 1911 मध्येच यावर लिहून ठेवलं आहे, आणि आईने ते त्या दुपारी आळीला सिद्ध करून दाखवलं. तिच्या मते ती कुजबुजत होती. "अगं, कुणाला सांगू नकोस," असं ती मावशीला म्हणाली तेव्हा रिक्षाथांब्यावरचे दोघे पुढे सरकले. समोरच्यांच्या सुनेच्या अंगावर पाच तोळे घातल्याची माहिती आई देत होती, तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून आवाज आला, "सहा हो वहिनी, सहा! आणि आम्ही घातले, तिच्या माहेरच्यांनी नाही." माइक उत्तम आहे, असा शेरा मी त्या दिवशी वहीत लिहिला. नेटवर्क नसतानाही चालतो.

पावसाळ्यात मात्र त्याने मान टाकली. वाटीवरच्या गादीला दिसायला कातडं असतं, पण ते पॉलियुरेथेनचा पापुद्रा. दमट हवेतलं पाणी त्याची वीण आतून सोडवत नेतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात याला फार दिवस लागत नाहीत. भोगावतीला पूर यायच्या आधीच गादीला पापुद्रे सुटले आणि काळे तुकडे कानाला चिकटू लागले. काउंटरवर एका आजींनी पासबुक पुढे करताना माझ्या कानाजवळ निरखून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "आई अजून तीट लावते वाटतं." आईला हे सांगितलं तर तिने जुन्या परकराच्या कापडाच्या दोन खोळी शिवल्या, नाडीसकट. कान आता स्वच्छ असतात. वरचे सूर तेवढे परकरात अडकतात.

राहिला मागच्या अंगाचा कारखाना. आषाढात तिथे पाय ठेवायला जागा नसते. पेण, हमरापूर, जोहे, सगळीकडे तीच तऱ्हा. लाखो मूर्ती इथून बाहेर पडतात. रंगाच्या गनचा कॉम्प्रेसर दणदणतो, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी, आणि गिऱ्हाईकं दारात "आमचा लोड उद्या भरायचा आहे" म्हणून उभी. या सगळ्यात एका कोपऱ्यात आखणीवाले दादा बसलेले असतात. डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाचा कारखान्यात मान वेगळा. मूर्ती कुणीही रंगवील, पण ती बघायला लागते ती यांच्या हातून. त्यांच्या कानावर कायम एक जुना वायरवाला हेडफोन. मला वाटे, हे शास्त्रीय संगीत ऐकत असतील. एकदा खाली पाहिलं तर वायरचं टोक रंगाच्या डब्यात लोंबत होतं.

"दादा, हा कशाला जोडलेलाच नाही!"

"जोडून काय करू? गाणं लावलं की हात हलतो," ते ब्रश न उचलता म्हणाले. "हा घातला की लोकांना वाटतं ऐकू येत नाही. कोणी बोलत नाही."

इतक्या वर्षांत पेणमध्ये हेडफोन ज्याच्यावर खरोखर चालला असा हा पहिला माणूस. मी घाईघाईने घरी जाऊन माझा आणला आणि त्यांच्या डोक्यावर चढवला. म्हटलं, बिनतारी आहे, बॅटरी चाळीस तास, अभिप्राय द्या. त्यांनी दोन डोळे आखले, तेवढ्यात दारातलं गिऱ्हाईक सरळ येऊन त्यांना म्हणालं, "दादा, आमच्या उंदराचे राहिलेत." दादांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. वाटीवर त्यांच्या अंगठ्याचा सोनेरी ठसा उमटला होता, तो अजून निघालेला नाही.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण याला निळी लाइट लागते. चालू का बंद, लोकांना लांबून कळतं. वायरचा कुठे कळतो!"

एवढं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. चाळीस तासांची बॅटरी, घडी होणारी दांडी, पाच मिनिटांत दोन तासांचं चार्जिंग, सगळं एका दिव्याने घालवलं. मी त्याच संध्याकाळी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. मग मेमूत काहीच न लावता हेडफोन कानावर ठेवून खिडकीकडे तोंड करून बसलो. कासूपर्यंत कुणी बोललं नाही. नागोठण्याला काका चढले, समोर बसले, माझ्या कानाकडे निरखून पाहू लागले. दिवा दिसेना.

"चालू आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मुलाच्या लग्नाचं कालच्या जागेपासून पुढे सुरू केलं.