गोणपाटातला नमुना अवकाश

शिरूर अनंतपाळमधल्या एका घराच्या ओसरीवर मृगाच्या तोंडाला दोन अभ्यास चालले होते. नात दहावीच्या बीजगणितातलं पाचवं प्रकरण, संभाव्यता, उघडून बसली होती. आबा ओल्या गोणपाटावर घरचं सोयाबीन मांडत होते. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. गणित दोघांचं एकच. आबांच्या वहीला तेवढा भिजल्या तागाचा वास.

दोन नाणी फेकल्यावरचा नमुना अवकाश नातीनं लिहिला : दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक. घटक तीन.

आबांनी खिशातून एक रुपया आणि एक पाचाचं नाणं काढून चटईवर ठेवलं. "रुपया छापा, पाचाचा काटा. आता उलटं कर. ह्ये दोन्ही एकच हाईत व्हय?"

तिनं मुकाट्यानं चौथा घटक लिहिला. फार ओशाळायचं कारण नव्हतं. दोन फेकींत एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता ३/४. पण द'आलंबेरसारख्या फ्रेंच गणितज्ञानं १७५४ साली विश्वकोशात तीनच शक्यता धरून ती २/३ काढली होती. बिचारा चर्चच्या पायरीवर सापडलेलं लेकरू; विचारायला आबा नव्हते.

चूक दुरुस्त झाल्यावर माणसाला जोर चढतो. नात म्हणाली, "आबा, तुमच्या दाण्याचं पण सोपंय. उगवेल किंवा उगवणार नाही. घटक दोन, संभाव्यता १/२."

आबांचा हात थांबला. "निम्मंच उगवायलालं तर पेरू कशाला?"

सूत्र वापरायला निष्पत्ती समसंभाव्य लागतात, हे धड्यात छापलेलं असतं. पण ते सूत्राच्या आधी, म्हणून कुणी वाचत नाही. सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीत मार बसला, पोतं आदळलं, की बी दिसायला टुकटुकीत आणि आतून गेलेलं. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता. म्हणून आबा मोजून बघतात : शंभरात सत्तर उगवले तर हेक्टरी ७५ किलो बी, कमी उगवले तर बी वाढवायचं.

सहाव्या दिवशी गुंडाळी सोडली. नातीनं मोजले ७८, आबांनी ७७. एका दाण्याचा कोंब पिळवटलेला होता. बियाण्याच्या प्रयोगशाळेत असल्याला असामान्य रोप म्हणतात आणि उगवलेल्यात धरत नाहीत. नातीच्या नमुना अवकाशात मात्र त्याला जागाच नव्हती. ती तिसरा घटक लिहीतच होती, तेवढ्यात कोंबडीनं तो दाणा उचलला.

आता भागायचं शंभरानं की नव्व्याण्णवानं, यावर चहा गार होईपर्यंत घोळ चालला.