खर्डा बंदराचा मसुदा

जामखेड तालुक्यातील ज्या खर्ड्याला समुद्र नाही, खाडी नाही, आणि पाऊस रुसला की टँकरच्या तोंडाकडे डोळे लावून बसावे लागते, त्या खर्ड्याने जहाजाच्या प्रवाशांकडून बंदर-प्रवेशाचे शुल्क वसूल करावे, ही माझी सूचना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल, हे मी जाणून आहे. तथापि परदेशांतील बंदरांवर उतरण्यासाठी हल्ली जे शुल्क घेतले जाते, त्याचे स्वरूप जरा बारकाईने न्याहाळले, तर त्या शुल्काचा समुद्राशी म्हणण्यासारखा संबंध उरलेला नाही, हे कोणाही समंजस वाचकाच्या ध्यानात येईल.

आमच्या गावचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक ग्रीसकडे क्रूझला निघाले आहेत. पुण्यातील मुलाने तिकिटे काढली, आणि जहाजावर चोवीस तास खाणे फुकट असते हे कळल्यावर गुरुजींनीही फारसा विरोध केला नाही. पिरेयसहून निघायचे, सँटोरिनी पाहायचे, तुर्कस्तानच्या कुशादासी बंदरात पाय टेकवायचा आणि पुन्हा पिरेयसला यायचे, एवढाच बेत. शेंगेन व्हिसाचे शुल्क 11 जून 2024 पासून माणशी 90 युरो झाले आहे, आणि ते सकाळी बंदराला लागून सायंकाळी सुटणाऱ्या जहाजातील उतारूला जितके, तितकेच नव्वद दिवस मुक्काम ठोकणाऱ्याला. व्हिसा नाकारला तर पैसे परत नाहीत; म्हणजे हे मूल्य प्रवेशाचे नसून प्रवेश मागण्याच्या धाडसाचे आहे. पुढची गंमत अशी की, बंदराने येऊन बंदराच्या शहरातच हिंडणाऱ्या पर्यटकाला तुर्कस्तान बहात्तर तासांपर्यंत व्हिसाविना उतरू देतो. परंतु या औदार्याचा लाभ घेऊन गुरुजी परत ग्रीसला आले, की तो शेंगेन मुलखातील त्यांचा दुसरा प्रवेश ठरतो, आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा हाती असेल तर गुरुजींना तुर्कस्तानच्या पाहुणचारापायी ग्रीसच्या धक्क्यावर चोर ठरावे लागते. सँटोरिनीने तर 2025 पासून ऐन हंगामात जहाजाच्या प्रत्येक प्रवाशामागे आणखी 20 युरो घेण्यास आरंभ केला आहे.

परंतु पैशाचे दुःख मराठी माणसाला एका मर्यादेपलीकडे होत नाही, कारण त्या मर्यादेपलीकडचे पैसे त्याच्याजवळ नसतातच. खरे दुःख कागदांचे. बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणे, तीस हजार युरोंचा आरोग्यविमा, परतीचे तिकीट, हे सर्व कशासाठी, तर हा इसम आमच्या देशात दडून राहणार नाही, याची वकिलातीला खात्री पटावी म्हणून! गुरुजींनी हौसेने सातबाराही जोडला. मी त्यांना म्हटले, गुरुजी, सातबाऱ्याने काय होणार? चुलत्याशी बांधावरून जो दावा चालू आहे, त्याच्या तारखेचे समन्स जोडा, आणि विहिरीतील चार आण्यांच्या हिश्श्याची नक्कल जोडा. ज्याची सामाईक विहीर भावकीच्या ताब्यात राहिली आहे, असा माणूस सँटोरिनीच काय, प्रत्यक्ष स्वर्गातही एका रात्रीपेक्षा अधिक राहू शकत नाही, हे युरोपीय अधिकाऱ्यांना कोणीतरी समजावून सांगितलेच पाहिजे. त्यानंतर बोटांचे ठसे. चाळीस वर्षे खडू धरून झिजलेला जो अंगठा रेशनच्या दुकानातील यंत्राला कधी एका दमात उमटलेला नाही, तो युरोपच्या यंत्राला कसा उमटणार, या चिंतेने गुरुजी सध्या हाताला खोबरेल चोळत असतात.

समुद्रावरची ही जकात आजची नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्र ही आपली खासगी मिळकत मानून प्रत्येक जहाजाला ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेण्यास भाग पाडले, आणि मक्केच्या यात्रेला निघालेल्या मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तोच न्याय उलटा फिरवून व्यापारी जहाजांकडे स्वतःचे दस्तक मागितले, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले. कारण परवाना देणारा गोरा असला तर ते राज्यकारभाराचे अंग असते आणि सावळा असला तर ती लूट असते, हे तत्त्व त्या काळीही सुस्थापित होते. 1918 साली लोकमान्य टिळक, न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, बिपिनचंद्र पाल प्रभृती मंडळी होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन विलायतेस निघाली आणि कोलंबोपर्यंत पोहोचली, तो पारपत्रे रद्द झाल्याचा हुकूम त्यांच्या हाती पडला. त्याच वर्षी इंग्रज पत्रकार चिरोल याच्यावरील अब्रुनुकसानीचा खटला चालविण्यासाठी मात्र लोकमान्यांना विलायतेस जाऊ दिले गेले. प्रवासाचा हेतू ‘स्वराज्य’ असेल तर प्रवेश नाही, ‘इंग्रज वकिलांना फी देणे’ असेल तर अवश्य यावे, असा तो व्यवहार. आजच्या अर्जातील ‘हेतू’चा रकाना भरताना ही हकीकत अवश्य स्मरावी.

आणि आपण तरी कोणते निर्लोभ? मुंबई किंवा मुरगावच्या धक्क्यावर गेटवे आणि चर्च पाहण्यापुरता उतरणारा परदेशी पाहुणाही व्हिसावाचून खाली पाय ठेवू शकत नाही. अनेक देशांच्या नागरिकांसाठी आपल्या महिन्याभराच्या ई-व्हिसाचा दर एप्रिल ते जून 10 डॉलर आणि उरलेल्या महिन्यांत 25 डॉलर असा ठेवला आहे. आपल्या उन्हाळ्याची किंमत उणे पंधरा डॉलर होते, हा शोध अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. खुद्द भारतीयाला मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला जायचे म्हटले तरी 1967 च्या नियमांन्वये प्रवेशाचा परवाना लागतो. अर्थात तेथील आदिवासी समाजाच्या रक्षणासाठी तो आहे आणि तो असावा, एवढे मी गंभीरपणे म्हणतो.

तेव्हा खर्ड्यानेच काय म्हणून मागे राहावे? आमच्याकडे निंबाळकरांनी बांधलेला भुईकोट किल्ला आहे, त्याला दरवाजा आहे, आणि वसुलीची परंपरा तर अशी की, 11 मार्च 1795 रोजी मराठ्यांनी निजामअलीचा पराभव केला, तेव्हा तो ससैन्य याच किल्ल्यात शिरला. प्रवेशाला त्याला कवडी पडली नाही. बाहेर पडताना मात्र चौथाईची थकलेली बाकी, दौलताबादचा किल्ला आणि आपला दिवाण मुशीरुल्मुल्क इतका ऐवज द्यावा लागला. प्रवेश निःशुल्क आणि निर्गमनास दौलताबाद, यापेक्षा सुटसुटीत व्हिसा-धोरण ब्रुसेल्सलाही अद्याप सुचलेले नाही.

माझ्या मसुद्यातील मुख्य कलमे अशी आहेत की, अर्जदाराने ठशांसाठी जातीने जामखेडला यावे. यंत्र बंद असल्यास पुन्हा यावे. शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, आणि किल्ला पडका दिसल्यास ते कारण धरले जाणार नाही. युरोपीय नागरिकांनी आपण खर्ड्यात कायमचे दडून राहणार नाही, याबद्दल आपल्या गावच्या विहिरीतील हिश्श्याचा दाखला जोडावा. शेजारच्या भूमला जाऊन संध्याकाळी परतणे हा दुसरा प्रवेश समजण्यात येईल. यातून सूट फक्त माहेरवाशिणींना ठेवली आहे. कारण गावच्या लेकींना दिवाळीत वेशीवर अडविले, तर तहसील कचेरीवर जे आरमार चालून येईल, त्याच्याकडे दस्तक मागण्याची छाती खुद्द कान्होजींनाही झाली नसती.