तात्यांचा फळा

पुण्याहून ताम्हिणीकडे निघालं की पौड मागे पडतं, पाऊस अंगावर येतो आणि धरणाचं पाणी दिसायच्या सुमाराला माले येतं. गाडीतून उतरून पिशवी खाली टेकवेपर्यंत आवाज आलेला असतो, "कुणाचं पाव्हणं?" हे तात्या. त्यांचं खरं नाव सांगत नाही. कारण हा गृहस्थ एका गावाचा नाहीच. नाव बदलून तो पौडला भेटेल, पिरंगुटला भेटेल. मालेतला मला जवळून माहीत आहे, एवढंच.

गावात पंचायत आहे, तलाठी आहे, पोलीस पाटील आहे. तरीही कुणाकडे काय झालं हे कळायला लोक पारावर येतात. तिथे झाडाला टेकवून ठेवलेला एक काळा फळा आहे. शाळेनं टाकून दिलेला, एक कोपरा तुटका. त्यावर तात्या रोज सकाळी खडूनं बातम्या लिहितात. सगळ्यात वर दशक्रिया: कुणाची, कुठल्या घाटावर, प्रवचन कुणाचं. त्याखाली साखरपुडे, मग हरवलेली शेळी. सापडलेल्या शेळीची बातमी येत नाही. "ती मालकाला कळतीच की!"

पेपरवाल्यांना जो अग्रलेख, तो तात्यांना गट नंबर. पुण्याची गाडी बांधावर थांबली, आतून गॉगलवाला उतरला आणि त्यानं हातातला नकाशा उलटा धरला, की तात्या चहा अर्धा टाकून उठतात. संध्याकाळपर्यंत फळ्यावर गुंठ्याचा भाव आलेला असतो. गंमत म्हणजे ज्याची जमीन त्यालाही तो तिथेच कळतो, आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच्यावर दोन लाख चढवून सांगतो.

बातमी काढायची त्यांची रीत मात्र मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. तात्या कधी विचारत नाहीत. ते चुकीचं सांगतात. "सातबाऱ्याला थोरल्याचं नाव लागलं म्हणं," असं धाकट्याला ऐकवायचं आणि तंबाखू मळत बसायचं. धाकटा उसळतो, "कोण म्हणतं? अजून फेरफार धरला न्हाय तलाठ्यानं! आत्याची सही ऱ्हायलीय!" झाली बातमी. वर आत्या कुठल्या गावी असते आणि सही का देत नाही, हे पदरमोड न करता हाती आलं.

मुळशीच्या पावसात खडू टिकत नाही. जून ते सप्टेंबर फळा धुतला जातो, म्हणून नातवानं त्यांना व्हॉट्सॲपचा गट काढून दिला. पहिल्याच दिवशी तात्यांनी नियम घातला: गुड मॉर्निंग टाकणाऱ्यास काढण्यात येईल. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बोटाखाली काहीतरी दाबलं गेलं आणि उगवत्या सूर्यासकट गुलाब गेला. तेव्हापासून नियम तसाच आहे, फक्त अंमलबजावणी थांबली आहे. टाइप करणं त्यांना जमत नाही, बोलून पाठवतात. चार मिनिटांच्या निरोपात पहिलं मिनिट खाकरण्याचं, दुसरं 'ऐका हो ऐका'चं. दवंडी बंद होऊन जमाना झाला, पण घशातून जात नाही.

आणि ग्रामसभा! 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे तात्यांचे चार सण. दिवाळीला एखाद्या वेळी अंग दुखतं म्हणून पडून राहतील, पण सभेला नाही. अर्थात पहिल्या सभेला ते आत जात नाहीत. बाहेर उभे राहून माणसं मोजतात. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत, हा नियम त्यांना हनुमान चालिशीसारखा पाठ. कमी भरली की "तहकूब!" असं सरपंचाच्या आधी हेच ओरडतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग तात्या टोपी नीट करून आत शिरतात आणि पहिला प्रश्न मागच्या इतिवृत्तावर विचारतात.

इंग्लंडातल्या हँडफोर्थ नावाच्या गावची अशीच एक सभा 2021 च्या फेब्रुवारीत जगभर गाजली. भर करोनात संगणकावर भरलेली. जॅकी वीव्हर नावाच्या बाईंनी गुरकावणाऱ्या अध्यक्षालाच सभेबाहेर काढलं होतं. ती चित्रफीत मी तात्यांना मोबाइलवर दाखवली. भाषा एका अक्षरानं कळली नाही, पण त्यांनी ती दोनदा पाहिली. म्हणाले, "आपलीच माणसं. फकस्त गोरी." मग जरा थांबून, "नोटीस सात दिस आधी काढलीवती का?"

एकदा मी त्यांना छेडलं, "तात्या, तुम्हाला कशाला हव्यात गावच्या पंचायती?" ते धरणाकडे बघत बसले. मग म्हणाले, "माझा आजा सांगायचा, माणसं बांधावर येऊन चर खणाया लागली तवा कळलं, धरान व्हनार. जमीन ताब्यात घ्यायच्या आधी चर!" पुढचं मला पुस्तकातून ठाऊक होतं: 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, बापट सेनापती झाले, तुरुंग भरले, तीनेक वर्षं लढा चालला, आणि धरण झालंच. पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला गेलं, त्यावरची वीज मुंबईला. तात्यांना यातलं एकच महत्त्वाचं वाटतं. "बातमी उशिरा कळली, लेका. उशिरा कळली की पानी चुलीपतुर येतं." तेवढ्यात लाइट गेली, आणि त्यांनी लगेच गटावर कळवलं की लाइट गेली.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो, तोंड उघडायचं नाही. उतरलो, नमस्कार केला, पावसावर बोललो, आंबेमोहराची लावणी झाली का विचारलं. तात्या तंबाखू मळत होते. सहज म्हणाले, "वाडा इकाया काढला म्हणं तुमी. चांगलं केलं. पडकं घर ठिवून काय करायचं?"

"विकतोय कोण?" मी म्हणालो. "कौलं उतरवून पत्रा घालतोय! थोरल्या भावानं निम्मे पैसे देतो म्हटलंय, दिवाळीच्या आत..."

पुढचं मनातल्या मनात गिळलं, पण उशीर झाला होता. पारापासून वाड्यापर्यंत पाचशे पावलं. पोचलो तर ओट्यावर दोन गवंडी आणि एक पत्रेवाला बसले होते. पत्रेवाला उठून म्हणाला, "तात्या म्हणालं, थोरल्यांचं पैसं आधी येत्याल."