अंगणाचे हेडमास्तर

बीड जिल्ह्यात निवृत्त शिक्षकाचं घर शोधायला पत्ता लागत नाही. ज्या फाटकातून खराट्याचा आवाज आणि पाठोपाठ सूचना ऐकू येतात, ते घर सरांचं. खराटा काकूंच्या हातात असतो, सूचना सरांच्या.

सरांची जन्मतारीख 1 जून. खरी कोणती, ते देवाला ठाऊक; शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकली ती ही. त्यामुळे निवृत्तीही 31 मेला, ऐन उन्हाळ्यात. तोवर सगळी नोकरी अपडाउनमध्ये गेली. घर अंबाजोगाईला, शाळा कधी केजकडे, कधी धारूरच्या डोंगरात. अंधारात एसटी धरायची, अंधारातच उतरायचं. रविवार मतदारयाद्यांना वाहिलेले. स्वतःचं अंगण त्यांनी भर उजेडात नीट पाहिलं ते निवृत्त झाल्यावरच. दोन जुने लिंब, एक जांभूळ, खाली माघापासून साचलेला पाला, त्यात पिकल्या निंबोळ्यांचा चिखल, फुटका रांजण आणि चोरीला गेली असं सगळे समजत होते ती मुलाची सायकल.

"हे काय आहे?" सरांनी दरडावून विचारलं.

"अंगण," काकू म्हणाल्या. त्या फाटकापासून तुळशीपर्यंतची वाट तेवढी झाडत आणि पाला कुंपणाशी लोटून देत.

दुसऱ्या दिवशी वही आली, रकाने आखले गेले. झाड क्रमांक 1 : लिंब. उपस्थिती : नियमित. शेरा : बेशिस्त, पाला शेजारी टाकतो. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, "काय करायलेत सर?" सर म्हणाले, "नियोजन."

नियोजनाचं पहिलं कलम, पाला पेटवणे. लिंबाच्या धुराने डास जातात हे खरंच आहे. पण गल्लीतल्या गच्च्यांवर तेव्हा कुरडया वाळत होत्या. सगळ्या बायका एकदमच फाटकाशी आल्या. ते कलम तिथेच रद्द.

दुसरं कलम लॉन. पुण्याला मुलीच्या सोसायटीत सरांनी ते पाहिलं होतं. गवताला ऊन लागतं आणि पाणी लागतं. ऊन लिंबांनी अडवलं, पाणी नळाच्या पाळीने. पोळ्याच्या आत लॉनचा रंग पोस्टकार्डासारखा झाला. मुलाने फोनवर सुचवलं, झाडं काढा आणि पेव्हर ब्लॉक टाका. सर ताडकन उठून उभे राहिले. फोनवर उठून उभं राहण्यात अर्थ नसतो, पण सवय. फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळच्या पालवणला सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा सर विद्यार्थ्यांची रांग घेऊन गेले होते. तिथे अध्यक्षपदी वडाचं झाड होतं. अध्यक्षांनी भाषण केलं नाही, म्हणून सरांच्या मते मराठवाड्यातलं सर्वांत यशस्वी संमेलन तेच. अध्यक्षांच्या जातभाईंवर कुऱ्हाड चालवायला ते तयार नव्हते.

शेवटी कुंपणाकडेला कुदळ मारली आणि सर थबकले. काकूंनी वर्षानुवर्षं लोटलेला पाला तळाशी कुजून काळीभोर माती झाला होता. मुठीत घेतली तर ओलसर, भुसभुशीत, मधोमध एक गांडूळ वळवळतंय. पलीकडे, सावलीतच, काकूंची हळद गुडघ्याएवढी आणि अळू त्याच्याही वर.

"हे कधी लावलं?"

"तुम्ही केजला होतात तेव्हा."

सरांनी वहीत नोंद केली : पाल्याचे आच्छादन, प्रयोग यशस्वी. प्रयोग कुणाचा, त्याला रकाना नव्हता.

आता वाफ्यांवर चार बोटं पाला पसरलेला असतो, ओल टिकते, पाणी निम्म्यावर भागतं. अंगण देखणं झालंय, यात वाद नाही. त्रास पाहुण्यांना. चहा निवतो, पण फेरी संपत नाही. परवा एक कापूसवाले पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन आले. सरांनी त्यांच्याकडून निंबोळी अर्क पाठ करून घेतला : पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचं. पाहुण्यांना तो बिनचूक म्हणता आला. पत्रिका मात्र पिशवीतच राहिली.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या पानगळीत पाला जाळू नका. पोत्यात भरून सरांच्या फाटकाशी ठेवा, सकाळी सातच्या आत. प्लास्टिक निवडून काढा आणि पोत्यावर झाडाचं नाव लिहा. बिननावाचं पोतं सर परत पाठवतात.