लिंकबुवा

प्रत्येक आयटी ऑफिसात एक लिंकबुवा असतो. आमचा हिंजवडीत बसतो. पन्नाशीला टेकलेले गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ, समोर काळंभोर टर्मिनल. माउसला त्यांचा हात एकादशीला कांद्याला लागेल इतकाच.

"बुवा, कालपर्यंत चालणारा नोड आज 'कमांड नॉट फाउंड' म्हणतोय!" असं कुणी रडत आलं, की बुवा आधी चहा संपवतात. मग म्हणतात, "नोड कुठं जातोय? तो आहे तिथंच आहे. तुझा पत्ता चुकलाय."

आणि प्रवचन सुरू. "सिमलिंक म्हणजे दारावरची पाटी रे. तिच्यात फक्त पत्ता असतो. बिऱ्हाड हललं तरी पाटी आपली ठाम! म्हणून 'एलएस' केलं की नाव दिसतं आणि उघडायला गेलं की 'नो सच फाइल'."

2020 साली अ‍ॅपलने मॅकमध्ये स्वतःची चिप घातली, आणि त्या नव्या मॅकवर होमब्रूने, म्हणजे प्रोग्रॅम बसवून त्यांच्या सिमलिंक लावून देणाऱ्या साधनाने, 'यूएसआर-लोकल' हे जुनं फोल्डर सोडून 'ऑप्ट-होमब्रू'त संसार थाटला. पुण्यातली जुनी माणसं पानशेतचा पूर सांगतात, त्या सुरात बुवा हे सांगतात. जुन्या मॅकवरून सगळं जसंच्या तसं नव्यावर आणणारे त्यांच्या लेखी पूरग्रस्तच.

तुटलेल्या लिंकवर उपचार ठरलेला. आधी 'ब्रू डॉक्टर' लावून नाडी पाहायची. मग 'ब्रू लिंक'ने पाट्या नव्याने लावायच्या. वाटेत जुनी फाइल आडवी आली तर 'ओव्हरराइट'ची मात्रा. पण त्याआधी 'ड्राय-रन' करून काय काय उडणार ते बघायचं. उडालेलं परत येत नाही, असं सांगताना बुवांचा आवाज जड होतो. आपण कारण विचारत नाही.

पंचाईत भाषेची. होमब्रूचे सगळे शब्द गुत्त्यातले. बसमध्ये बुवा फोनवर ओरडतात, "अरे, केग सेलरमध्येच पडलीय, तू टॅप नीट बघ!" तेव्हा शेजारचे आजोबा एकदा माळेकडे बघतात, एकदा बुवांकडे, आणि पुढच्या स्टॉपला जागा बदलतात.

गेल्या महिन्यात बुवांचीच जागा बदलली. जुन्या खुर्चीवर चिठ्ठी होती : 'बुवा, चौथा मजला, खिडकीजवळ.' धापा टाकत चौथा मजला गाठला. खिडकी होती, बुवा नव्हते. मी विजयी मुद्रेने फोन लावला. "बुवा, तुमचीच लिंक तुटलीय!"

पलीकडून चहाचा शेवटचा घोट ऐकू आला.

"मी आहे तिथंच आहे. तुझा पत्ता चुकलाय."