क्रिप्टॉन ते कुडाळ, व्हाया करबुडे

मूल झाल्यावर माणूस प्रवासाला जात नाही, बिऱ्हाड हलवतो. अनुभवी मंडळी हे आधीपासून सांगत होती. पण ज्याच्या घरात काचेच्या कपाटात स्टार वॉर्सचे पुतळे उभे आहेत, तो असल्या मंडळींचं कशाला ऐकतोय! चिऊ सात महिन्यांची झाली आणि कुडाळजवळच्या गावाहून माझ्या आजीचा फोन आला, "चेडवाक कधी हाडतलंस? मी डोळे मिटल्यार?" असल्या प्रश्नाला उत्तर नसतं, तिकीट असतं. मी मांडवी एक्स्प्रेसची ठाणे ते कुडाळ तिकिटं काढली. प्रवासी चार : मी, बायको, आई आणि चिऊ. त्यातली एक बिनतिकीट आणि उरलेले तिघे तिच्या चाकरीत.

चिऊचं नाव स्टार वॉर्सवरून लेया ठेवायचा माझा बेत होता. तो बारशाच्या आधीच बारगळला. "राजकन्येचं नाव आहे," असं मी म्हटल्यावर आत्याने विचारलं, "कुठल्या संस्थानची?"

"आल्डरान."

"कुठे आलं ते?"

"आता नाही. उडवलं."

"मग राहू दे," आत्या म्हणाली, आणि विषय पेढ्यांवर गेला.

निघण्याच्या आदल्या रात्री हॉलमध्ये सामान मांडलं गेलं. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, डायपर, बाळगुटीची सहाण, वेखंड, नाचणीसत्त्व, थर्मास, खुळखुळे, ताप मोजायचं यंत्र आणि ते बिघडलं तर दुसरं यंत्र. मला जॉर-एलची आठवण झाली. हा सुपरमॅनचा बाप. १९३८ साली पहिल्यांदा छापल्या गेलेल्या त्या कथेत क्रिप्टॉन ग्रह फुटायला आलेला असताना हा गृहस्थ तान्ह्या पोराला रॉकेटमध्ये ठेवतो आणि पृथ्वीकडे सोडून देतो. सामान काय, तर अंगावरची दुपटी. पुढे जुन्या कॉमिक्समध्ये त्याच लाल, निळ्या, पिवळ्या दुपट्यांमधून सुपरमॅनचा पोशाख शिवला जातो. म्हणजे तेवढंही वाया गेलं नाही. एका सूर्यमालेतून दुसऱ्या सूर्यमालेत जाताना बाळाचा एकही डाग नाही, आणि आम्हाला सिंधुदुर्ग जिल्ह्यात जायला हमाल लागणार!

हे सगळं मी बायकोला ऐकवलं. ती थर्मासचं झाकण आवळत म्हणाली, "त्यांना परत यायचं नव्हतं. आपल्याला सोमवारी ऑफिस आहे."

बाबागाडी न्यायची हा मात्र माझा आग्रह होता. लहान मुलाला गाडीत घालून मुलूख पालथा घालणारा योद्धा ही मोठी परंपरा आहे. १९७० साली सुरू झालेल्या 'लोन वुल्फ अँड कब' या जपानी चित्रकथेत ओगामी इत्तो नावाचा सामुराई लाकडी गाडीत पोराला बसवून रानोमाळ हिंडतो. तोच धागा २०१९च्या 'मँडलोरियन' मालिकेत आला. तिथे शिरस्त्राणधारी भाडोत्री योद्ध्यामागे हिरव्या कानांचं पोर हवेत तरंगणाऱ्या पाळण्यातून येतं. वय वर्षं पन्नास, तरी तान्हंच. आमच्या आत्याला त्याचं चित्र दाखवलं, तर म्हणाली, "कावीळ झालीय का?"

पण या परंपरेत कुणालाही सकाळच्या वेळी ठाणे स्टेशनचा पूल चढावा लागलेला नाही. एका हातात घडी केलेली बाबागाडी, दुसऱ्यात थर्मासची पिशवी, पाठीवर सॅक आणि समोरून लोकलमधून उतरलेलं अख्खं ठाणे. ओगामी इत्तो इथे असता तर त्याने तलवार म्यान करून मुकाट्याने हमाल केला असता. मीही केला. चिऊला आईने कडेवर घेतलं होतं. ती जगाकडे कुंचीतून बघत होती आणि हुबेहूब स्टार वॉर्समधल्या टाटूइनच्या वाळवंटातली जावा दिसत होती. हे मी बोललो नाही. सासरमाहेरच्या मिळून बारा बायकांनी त्या कुंचीचं कौतुक केलं होतं.

गाडीत समोरच्या बाकावर सावंतवाडीला निघालेले एक काका होते. पनवेल सुटलं आणि चिऊने सूर लावला. बायकोने घेतलं, आईने घेतलं, खुळखुळे वाजले, काही उपयोग नाही. शेवटी माझ्याकडे दिलं. माझ्याकडे एकच विद्या आहे : स्टार वॉर्सच्या खलनायकाचा, डार्थ व्हेडरचा श्वास. बेन बर्ट या ध्वनितंत्रज्ञाने पाणबुड्यांच्या श्वासयंत्रातून तो आवाज मुद्रित केला होता. मी तो घशातून काढतो. एकसुरी, खोल, घोंघावणारा. चिऊ त्याला हमखास गप्प होते. मी तिला छातीशी धरलं आणि सुरू झालो.

काकांनी पेपर खाली केला. थोडा वेळ ऐकलं. मग हळू आवाजात बायकोला विचारलं, "दमा का?"

"नाही हो. ते व्हेडर आहे," ती म्हणाली.

"वेदर चेंज झालं की वाढतंच," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कधीपासून आहे हे?"

मी तंद्रीत होतो. "१९७७पासून."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही तर पस्तिशीचे दिसता."

"वडिलोपार्जित आहे," बायको म्हणाली. काकांनी अडुळशाच्या काढ्याची कृती सांगितली, आईने ती लिहून घेतली आणि चिऊ झोपली. सबंध डब्यात माझ्याबद्दल सहानुभूती पसरली. खिडकीची जागासुद्धा मिळाली.

झोपलेल्या मुलाला ठेवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. बाबागाडी बाकाखाली दुमडून पडली होती. उघडली असती तर चहावाल्याची वाट बंद झाली असती. आईने काही न बोलता पिशवीतून जुनी सुती साडी काढली. समोरासमोरच्या वरच्या बर्थच्या कड्यांमधून तिची दोन टोकं ओवली, प्रत्येक टोकाला दुहेरी गाठ मारली, मग स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून वजन अजमावलं. मध्ये झोळ आला त्यात दुपटं अंथरलं आणि चिऊला आत ठेवलं. गाडीच्या हेलकाव्याने झोळी आपोआप हलू लागली. झोका द्यायलाही माणूस लागेना. मँडलोरियनच्या निर्मात्यांना पडद्यावर तरंगता पाळणा दाखवायला तंत्रज्ञांची फौज लागते. आईला साडी पुरली, तीही फॉल निघालेली.

चिपळूण गेलं, संगमेश्वर गेलं. उक्षी सुटल्यावर गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साधारण साडेसहा किलोमीटरचा हा कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा. एरवी मी इथे कल्पनाकथेतल्या मोरियाच्या खाणींवर व्याख्यान देतो. त्या दिवशी बोगद्यात शिरता शिरता झोळीतून एक आवाज आला आणि पाठोपाठ वास. चिऊने मुहूर्त साधला होता. खिडक्यांबाहेर काळोख, चाकांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झालेला, आणि त्यावर चिऊचा टाहो. आईने दुपटं धरून आडोसा केला, बायकोने बाकावर रबरी कापड पसरलं, मी दोन पाय वर धरले. माझं काम तेवढंच, पण ते सोडून कुठेही जाता येत नाही असं.

'इंटरस्टेलर' चित्रपटात कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर एक तास गेला की पृथ्वीवर सात वर्षं उलटतात. बोगदा पार करायला पाचेक मिनिटं लागतात. मी पाय धरून हिशोब मांडला : तासाला सात वर्षं, म्हणजे पाच मिनिटांना सात महिने. चिऊ आत शिरली तेव्हा सात महिन्यांची होती, रत्नागिरीच्या बाजूला बाहेर पडली तेव्हा चौदा महिन्यांची. माझं वय विचारू नका. उजेड आला तेव्हा चिऊ हसत होती आणि काका दारात उभे राहून ताजी हवा घेत होते.

रत्नागिरीनंतर पानवलचा पूल येतो. दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच. मी चिऊला खिडकीशी नेलं. बाहेर हिरवीगार दरी, खाली सुतळीएवढा ओढा. चिऊने काकांच्या शर्टाचं दुसरं बटण पाहिलं आणि पूल संपेपर्यंत नजर हलवली नाही. मग तिने त्या बटणाशी बोलणं सुरू केलं : बीप, ऊऽ, ब्रूऽ. हा आर-टू-डी-टूचा आवाज आहे आणि यात माझी अतिशयोक्ती नाही. त्या यंत्रमानवाला आवाज देताना बर्टने स्वतः तान्ह्या मुलासारखे हुंकार काढले आणि ते सिंथेसायझरच्या आवाजात मिसळले. जगभरच्या प्रेक्षकांना तो लाडका वाटला तो उगाच नव्हे. मी चिऊशी त्याच भाषेत बोलू लागलो. संभाषण रंगात आलं असताना आई म्हणाली, "भूक लागलीय तिला." साठ लाख भाषा जाणणारा सी-थ्री-पीओ या कामात आईच्या पासंगाला पुरणार नाही, त्याला भाषा येतात, पण रडं कळत नाही.

मांडवीचं खाणं रेल्वेप्रेमींमध्ये नावाजलेलं आहे. कटलेट, वडे, सूप यांच्या फेऱ्या चालूच असतात. नव्या बापाने हे सगळं एका हाताने खायचं असतं आणि दुसऱ्या हातातल्या व्यक्तीपासून ताटली लांब ठेवायची असते. मी कटलेट खाल्लं, सूप चिऊने घेतलं. म्हणजे माझ्या शर्टावर घेतलं.

कुडाळला चुलतभाऊ टेम्पो घेऊन आला होता. रिक्षात आम्ही मावलो नसतो. घराच्या खळ्यात आजी उभी होती. तिने आधी चिऊकडे पाहिलं, मग टेम्पोतून उतरणाऱ्या सामानाकडे, बराच वेळ. "इतक्या सामान कित्याक हाडलंस? बिऱ्हाड घेवन इलंस काय?"

मी काही बोलायच्या आत ती चिऊला घेऊन बसली आणि मला म्हणाली, "तुझ्या बापाशीक एका दुपट्यात गुंडाळलंय, वेंगुर्ल्यार पडावात बसलंय आणि बोटीन मुंबयक गेलंय. पाळणो नाय, बाटली नाय."

तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. ७४१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण सुरू झाला १९९८ साली. त्याआधी घाटातून एसटी, आणि त्याच्याही आधी किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बोट. ती बंदरात लागायची नाही. पडावातून खोल पाण्यात जायचं आणि हेलकावणाऱ्या शिडीने वर चढायचं. तान्हं पोर काखोटीला मारून आजी ती शिडी चढली होती. जॉर-एलला निदान चढायचं नव्हतं.

तिने चिऊसाठी शिवलेलं दुपटं बाहेर काढलं. स्वतःच्याच जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. काठ आतल्या बाजूला वळवून धावदोरा घातलेला, म्हणजे शिवण गालाला लागत नाही. डग्लस अ‍ॅडम्सने १९७९च्या 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी'त टॉवेल ही अंतराळप्रवाशाकडची सर्वांत उपयोगी वस्तू ठरवली आणि त्याचे चाहते २००१पासून दर २५ मे रोजी टॉवेल मिरवतात. मला हा विनोद वाटायचा. पण त्या एका प्रवासात दुपटं पांघरूण झालं, गादी झालं, पडदा झालं, फडकं झालं आणि शेवटी माझ्या खांद्यावरचा नॅपकिन झालं.

मी ज्या कथांवर वाढलो त्यांत एकही बाप दुपटं धूत नाही. जॉर-एल ग्रहाबरोबर जातो, बॅटमॅनचे वडील गल्लीत मारले जातात, आणि जो जिवंत राहतो तो डार्थ व्हेडर पोराचा हात तोडतो. बाप मेला किंवा बिघडला की कथा सुरू होते. जिवंत, शाबूत आणि डायपर बदलू शकणारा बाप कथेच्या काहीच कामाचा नाही. तेव्हा चिऊला महाशक्ती मिळायची शक्यता शून्य आहे, आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

तुम्हीही लेकरू घेऊन कोकणात निघणार असाल तर ऐका : बाबागाडी घरी ठेवा, जुनी साडी घ्या, दुपटी मोजू नका, आणि बाळाची आजी येणार असेल तर पहिलं तिकीट तिचं काढा. डायपरची पोती मुंबईहून वाहू नका. कुडाळच्या बाजारात सगळ्या मापांचे मिळतात.