हल्लेखोर, डंपर आणि चाचणी

राज्यभरातल्या शाळांची परीक्षा ऑनलाइन घ्यायची तर काय काय लागतं? संगणक, इंटरनेट, सर्व्हर आणि यातलं काही बंद पडलं की सांगायला एक कारण. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याला पहिल्या तिघांनी वेळोवेळी दगा दिला. कारणांनी मात्र कधीच दिला नाही.

तिथल्या परीक्षेचं नाव ‘टीएनरेडी’. 2014 च्या अखेरीस मेजरमेंट इनकॉर्पोरेटेड नावाच्या कंपनीला पाच वर्षांचं, 10 कोटी डॉलरच्या वरचं कंत्राट मिळालं. ऑक्टोबर 2015 मध्ये एक दिवस ठरवून शाळांना सांगण्यात आलं, की सगळे एकदम लॉगिन व्हा आणि यंत्रणा मोडते का ते बघा. पोरं आज्ञाधारक निघाली, यंत्रणा अडखळली. आता कुणाला वाटेल, शिक्षण खातं सावध झालं असेल. छे! 8 फेब्रुवारी 2016 ला खरी परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी झोपली. लगेच फर्मान निघालं, की पेपर कागदावर घ्या. कागद छापून पोचवायचे कुणी? त्याच कंपनीनं. तेही वेळेवर पोचेनात. शेवटी एप्रिलमध्ये तिसरी ते आठवीची उरलेली परीक्षा रद्द झाली आणि कंपनीचं कंत्राटही.

मग आली क्वेस्टार ही दुसरी कंपनी. एप्रिल 2018 मध्ये पहिल्या दिवशी पोरांना लॉगिन होईना. दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं, की कुणीतरी यंत्रणेवर जाणूनबुजून हल्ला केलेला दिसतो. झालं, तपास यंत्रणा कामाला लागल्या! पोरांच्या गणिताच्या पेपरवर नेमका कोणत्या शत्रूचा डोळा होता, देव जाणे. दोन महिन्यांनी हल्लेखोर सापडला तो घरातच. कंपनीनं राज्याची परवानगी न घेता, प्रश्न वाचून दाखवणाऱ्या सुविधेत परस्पर बदल केला होता. बाहेरून कुणी आलंच नव्हतं.

तोवर एका डंपरनं फायबरची केबल तोडून आपलं योगदान दिलं होतं. केबल तुटली हे खरं, पण त्या दिवशी खात्याला किती हायसं वाटलं असेल! सर्व्हरचा दोष पालकांना समजावून सांगावा लागतो. डंपर कसा, सगळ्यांनाच दिसतो.

टेनेसीच्या विधिमंडळानं यावर जालीम उपाय काढला. त्या वर्षीच्या निकालाचा विद्यार्थी, शिक्षक किंवा शाळा यांना तोटा होता कामा नये, असा कायदाच केला. म्हणजे परीक्षा झाली, निकालही लागला, फक्त तो कुणी मनाला लावून घ्यायचा नाही. पुढच्या वर्षी तिसरी ते आठवीचे बहुतेक पेपर परत कागदावर आले आणि 2019 मध्ये कंत्राट पिअर्सनकडं गेलं.

हसताय? जरा थांबा. आपल्याकडं महाराष्ट्रातही राज्यभर नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते. आपण शहाणे, पोरांना कागदच देतो. ऑनलाइन परीक्षा फक्त गुरुजींची. पेपर तपासायचे आणि एकेका पोराचे, एकेका प्रश्नाचे गुण चॅटबॉटवर भरायचे. मुदत कागदावर ठरते, रेंज डोंगरावर. दोन्ही गाठताना गुरुजींचा जो वेळ जातो तो शिकवण्याच्या तासातूनच वजा होतो, आणि त्याचे गुण कुठल्याच रकान्यात भरता येत नाहीत.

उद्या ही चाचणी पोरांसाठीही ऑनलाइन करायचं कुणाच्या मनात आलं, तर एक विनंती आहे. मंत्रालयापासून केंद्रप्रमुखापर्यंत साऱ्या खात्यानं आधी एकाच सकाळी, एकाच वेळी, गावच्या शाळेतल्या संगणकावर बसून सातवीचा गणिताचा पेपर सोडवावा. कंत्राटदार कंपनीच्या साहेबांनीही बसावं, शेवटच्या बाकावर. मधेच पडदा गोठला तर नापास कुणाला करायचं, हे कंत्राटात सहीच्या आधी लिहून घ्यावं. आणि त्यात डंपरचं नाव नसावं.